तोंडात खिळे, हातात ढोल

पडदेवाल्या बाईंनी खिळेरावांना प्रथम पाहिलं तेव्हा ते कमरेपर्यंत एका सोफ्याच्या पोटात होते. बाहेर नुसते पाय, आणि तेही इतके बापुडवाणे की सोफ्याने माणूस गिळायला घेतला असून निम्मं जेवण उरकलं आहे, अशी बाईंची खात्रीच झाली. दुसरी कोणी असती तर तिने आळी गोळा केली असती. बाईंनी शांतपणे कापडाचा गठ्ठा खाली ठेवला आणि सोफ्याच्या लाकडावर टकटक केलं.

"आत कोणी जिवंत आहे का?"

आतून शब्द येणं शक्य नव्हतं. सोफे बांधणारे बारीक खिळे तोंडात धरतात. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाने टिपायचा आणि ठोकायचा. हात मोकळे राहतात, वाचा मात्र गहाण पडते. तेव्हा खिळेरावांनी आतून हातोडीनेच उत्तर दिलं. टक टक.

"कव्हरं शिवायला माणूस हवंय असं कळलं. खरं आहे का?"

यावर आत एवढी ठोकाठोक झाली की सोफा वीतभर पुढे सरकला. बाईंनी तो होकार धरला आणि खिडकीखाली शिलाई मशीन मांडलं. 'खिळेराव' हे नाव त्यांनीच ठेवलं. बाई कव्हर शिवायच्या, खिळेराव ते ताणून ठोकायचे, आणि बोलायचं सगळं काम बाईंकडे असायचं. नवरा गेल्यापासून घरी ऐकणारं कोणी नव्हतं, आणि इथे ऐकणाऱ्याला उलट बोलायची सोयच नव्हती.

बाईंचा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला होता आणि हातात धरून खेळायचा त्याचा गेम घरीच राहिला होता. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी तो आणला. गेमच्या पडद्यावर एक गुबगुबीत ढोल आणि त्याच्याकडे सरपटत येणारे गोल. लाल आला की ढोलाच्या मधोमध वाजवायचं, निळा आला की काठावर. दोन्ही बाजूंच्या बटणांच्या कांड्या सुटून हातात येतात, म्हणजे दोघांना मिळून खेळता येतं.

"या वयात ढोल?" खिळेराव म्हणाले.

"दिवसभर दुसरं काय करता? धरा."

पहिले काही दिवस खिळेरावांनी ढोलाचे असे हाल केले की तो पडद्यावरून तोंड वाकडं करून बघायचा. मग एकदा घाईचं काम होतं, तोंड रिकामं करायला वेळ नव्हता, आणि ते खिळ्यांसकटच खेळायला बसले. एकही ठोका हुकला नाही. वर्षानुवर्षं जिभेने खिळा पुढे केल्याशिवाय तो हात उठलाच नव्हता. जिभेपासून वेगळं व्हायचं त्याला माहीतच नव्हतं.

"तुमचा ताल जिभेखाली राहतो," बाई म्हणाल्या. "जेवताना गिळू नका म्हणजे झालं."

तेव्हापासून डबा संपला की खिळेराव चूळ भरायचे आणि खिळेही भरायचे.

खिळेराव राहायचे थोरल्या भावाकडे. लग्न राहून गेलं होतं, जसं एखादं कव्हर कोपऱ्यात राहून जातं. वहिनींच्या नजरेतून काही सुटत नसे.

"भावोजी, हल्ली ताटाच्या काठावर वाजवता. काठ म्हणजे निळा ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. रोज जेवताना. एकदा विचारून टाका की त्या बाईंना. तोंडात काय खिळे आहेत?"

"असतात," खिळेराव म्हणाले आणि आमटी ओढली.

आता विचारू, मग विचारू, करता करता बाईंच्या मुलाचा फोन आला. त्याने मोठं घर घेतलं होतं आणि आईला कायमची बोलावत होता. बाई दोन दिवस मशीनवर बसूनही गप्प होत्या. खिळेरावांना शांततेची सवय होती, पण ती स्वतःच्या शांततेची.

गेममधलं एक गाणं दोघांना कधी न हुकता पुरं करता आलं नव्हतं. शेवटी शेवटी लाल-निळ्याची अशी झुंबड उडे की कोणीतरी कोसळायचंच. खिळेरावांनी मनाशी ठरवलं: ते गाणं पुरं झालं की म्हणायचं, जाऊ नका, माझ्याशी लग्न करा. देवाला कौल लावतात तसा त्यांनी ढोलाला लावला.

निघायच्या दिवशी टेम्पोत मशीन चढलं. बाई आत आल्या. "एकदा शेवटचं?"

खिळेरावांनी मूठभर खिळे तोंडात टाकले. अर्ध्या बांधलेल्या सोफ्याच्या लाकडावर दोघं टेकली. लाल, निळे, लाल, मग ती झुंबड, आणि ती दोघांच्या चार हातांखालून सुखरूप निघून गेली. पडद्यावर आतषबाजी झाली. गुबगुबीत ढोल उड्या मारू लागला.

बाई उठल्या नाहीत. खिळेराव एकेक खिळा जिभेने पुढे आणून तळहातावर काढू लागले. खिळे घाईने काढले तर जीभ कापते. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. बाईंनी कांड्या जागेवर बसवल्या, गेम पिशवीत ठेवला, आणि सोफ्याच्या लाकडावर हळूच टकटक केलं.

उत्तराला हातोडी खिळेरावांच्या मांडीवरच होती. पण तेवढ्यात शेवटचा खिळा बाहेर आला होता, आणि तोंड रिकामं असताना माणसाने बोलावं, असं त्यांना वाटलं.

"चार्जर घेतला का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पिशवी उचलली. "घेतला," त्या म्हणाल्या.

खिडकीखालची मशीनची जागा कोरडी असते, म्हणून तिथे आता फोम ठेवतात.