गुडघ्याचं वरण

रडणाऱ्या माणसाची इतकी कमी कदर करणारी बाई अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरी नसेल, असं माझ्या धाकट्या मेव्हणीबद्दल आमच्या नात्यागोत्यात बोललं जातं, आणि त्यात खोटं काही नाही. तिच्या घरी पाणी लगेच मिळतं, चहा मिळत नाही. चहासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवावं लागतं. व्याही असो, पोस्टमन असो, ही कपबशी घेऊन समोर उभी. "उठा की! खुर्चीनं काय धरून ठेवलंय का तुम्हाला?" एकदा मत मागायला आलेला उमेदवार दोन वेळा मागे आपटला, शेवटी कार्यकर्त्याने त्याच्या बगलेत हात घालून त्याला उभं केलं. हिने चहा कार्यकर्त्याला दिला.

ती पूर्वी औसा तालुक्यातल्या एका गावी शाळेत कवायत शिकवायची. भूकंपात दगडमातीची भिंत अंगावर आली. नवरा जागीच गेला, आणि ही मांडीवर भिंत घेऊन दुपारपर्यंत त्याच्या शेजारी पडून होती. प्लास्टर निघालं तेव्हा पाय तुराटीसारखा वाळला होता. पत्र्याच्या छावणीत व्यायाम शिकवणारी एक डॉक्टरीणबाई यायची, ती रोज तो पाय उचलायला लावायची. मेव्हणी तिला तोंडाला येईल ते बोलायची आणि पाय उचलायची. वजन बांधायला काही नव्हतं, म्हणून ढिगाऱ्यातून निघालेल्या नवऱ्याच्या पायजम्याचा एक पाय कापला, मदतीत आलेली तुरीची डाळ त्यात भरली आणि ती पिशवी घोट्याला बांधली. पाऊल जमिनीवर टेकू लागलं त्या दिवसापासून या बाईचा विश्रांतीवरचा विश्वास कायमचा उडाला.

पुढे लातुरात बदली झाली आणि कोचिंगचे दिवस आले. गल्लीत ज्याने त्याने घरावर मजला चढवून पोरं ठेवली, तशी हिनेही ठेवली. हदगाव, बिलोलीकडची पोरं, डॉक्टर व्हायला आलेली. पुस्तक हातात देऊन ती त्यांना भिंतीला पाठ लावून अर्धवट बसल्यासारखं उभं करायची. "हाडांची नावं पाठ करून राहिलास न्हवं? मग जरा हाडांनाबी ऐकू जाऊ दे." पोरांच्या आया डबे घेऊन जिना चढताना कण्हायच्या. त्यांच्यासाठी डाळीच्या पिशव्या शिवल्या गेल्या, त्या टांगायला भिंतीवर खिळे ठोकले गेले. पाय सशक्त होत गेला की पिशवीत मूठभर डाळ वाढायची. गुडघा सुजला तर तीच बाई काही न बोलता मूठभर काढायची, हे मात्र कुणी सांगत नाही. "ताण पडल्याचं दुखणं येगळं, इजा झाल्याचं येगळं," एवढंच म्हणायची. आणि कुणी मध्येच सोडून दिलं, तर त्याची पिशवी उसवून डाळ संध्याकाळी शिजायला टाकायची. पोरांना वाढताना जाहीर करायची, "आज अर्धापूरच्या काकूंच्या गुडघ्याचं वरण हाय. लाजू नका, पोटभर खा."

माझी बायको तिची आक्का. नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की गुडघ्यात झीज आहे, मांडीला ताकद आणा, रोज व्यायाम करा. मी जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करणारा फिटर. झीज एवढा एकच शब्द मी ऐकला. झिजलेला भाग कमी चालवायचा, हा माझा धर्म. मी बायकोला पलंगावर बसवलं आणि चहापासून आंघोळीच्या पाण्यापर्यंत सगळं हातात दिलं. गल्लीत माझं कौतुक झालं. तेव्हा मेव्हणी लातूरहून येऊन राहिली. आक्काच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची पिशवी शिवून, डाळ भरून तिने आक्काच्या पायाला बांधली.

"दाजी, बेअरिंग चालवून झिजतं. मांडी बसवून झिजती."

"तिला दुखतंय, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय की. तुम्हाला दुखून राहिलंय, तेबी दिसतंय."

बायको रडायची, बहिणीला शिव्या द्यायची, आणि पाय उचलायची. महिनाभरात ती एकटी कोपऱ्यावरच्या दुकानातून खोबरं घेऊन आली. त्या रात्री मात्र तिचं कण्हणं मला ऐकवलं नाही. सकाळी मी पिशवी सोडली आणि मेव्हणीच्या हातात दिली. "ने तुझी डाळ. माझ्या बायकोला माझ्या घरात छळायचं नाही." तिने आक्काकडे पाहिलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मेव्हणी पहिल्या गाडीने गेली.

त्यानंतर बायको कोपऱ्यापर्यंत कधी गेली नाही. आधी ओसरी सुटली, मग मोरी, मग पलंगावर कूस बदलणंही. पाठीला जखमा झाल्या आणि त्यातच ती गेली. तेराव्याला आमची चुलती सगळ्यांसमोर मेव्हणीला म्हणाली, "तूच वजनं बांधून तिचे गुडघे घालवलेस." सगळ्यांनी माना डोलावल्या. मेव्हणीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पानावरची खीर ढवळत राहिलो. तेव्हापासून नात्यात तिचं नाव तसंच घेतलं जातं. तिने लोकांचा केलेला सगळा छळ खरा आहे. आक्काचे गुडघे घालवल्याचं हे एक खोटं आहे, आणि ज्यांनी ते ऐकलं त्यांनी हेही वाचावं.

गेल्या थंडीत माझा उजवा गुडघा बोलू लागला, तसा मी लातूरला गेलो. खुर्चीवरून उठायला दोन्ही हात टेकावे लागले. चहा मिळाला नाही. भिंतीवर खिळ्याला ती हिरवी पिशवी होती. डाळ दर उन्हाळ्यात ऊन दाखवून पुन्हा भरत असावी, कापडाला कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता.

"ही शिजवली नाहीस?" मी विचारलं.

"सोडून देणाऱ्याची शिजवते मी," ती म्हणाली. "आक्कानं कुठं सोडली व्हती, दाजी?"

मग ती खाली बसली, तोच पाय ओढत, आणि पिशवी माझ्या घोट्याला बांधू लागली. डाळ जुनी झाली होती, आता शिजलीही नसती. गाठ मारून झाल्यावरही तिने हात काढला नाही.

"लई घट्ट झाली का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मग उचला."