आबांचं पथ्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते विचारू नका — मलाही नीट ठाऊक नाही.

आमच्या खोपोलीच्या सोसायटीत मी काटकसरीची बाई म्हणून ओळखली जाते. कमी सामानात चवीचं कसं करायचं ते बायका मला विचारायला येतात, आणि मीही हौसेनं सांगते. तांदूळ दुकानातून घेऊ नका, कडावच्या गिरणीवरून पोतं आणा. कणी टाकून देऊ नका, तिची घावनं छान होतात. तेल बाटलीतून ओतायचं नाही, चमच्यानं घ्यायचं. कशेळ्याच्या बाजाराला सकाळी न जाता ऊन उतरल्यावर जा, तेव्हा रानभाजीवाल्या बायकांना घराकडे परतायची घाई असते. हे सगळं खरं आहे. पण माझं घर फक्त एवढ्यावर चाललं का? — नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. कडावला त्यांची भातशेती होती, म्हशी होत्या. सासूबाई गेल्यावर ह्यांनी त्यांना आमच्याकडे आणलं. मला धास्ती होती, की दोन खोल्यांत म्हातारं माणूस कसं रमेल? पण आबा रमले. स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसायचे, लसूण सोलायचे, भिजलेले वाल सोलायचे. मी कामात असले की मधेच विचारायचे, "बाय, तू काय खाल्लंस का गं?" माझे वडील मी लहान असताना गेले. असं मला आधी कुणी विचारलं नव्हतं. आईला आम्हा भावंडांतून तेवढी सवडच नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि पहिल्यांदाच त्या घरात मला कुणाची तरी लेक झाल्यासारखं वाटायला लागलं होतं.

आणि त्याच माणसाशी मी — थांबा, क्रमानं सांगते.

मे महिन्यात पावसाळ्याचं सामान भरायचं, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. मसाला, कडधान्यं, सुकी मासळी. आबांचा जीव सोड्यांत. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. वांग्यात मूठभर टाकली की भाकरी कधी संपली ते कळत नाही. पण भयंकर महाग. त्या वर्षी साजगावच्या कारखान्यात ह्यांचा ओव्हरटाईम बंद झाला होता आणि घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते. मी सोडे आणले नाहीत.

आबांनी डबे पाहिले. साधंच विचारलं, "यंदा सोडं नाय घेतलंस गं?"

"जमलं नाही, आबा" एवढं म्हणायला काय हरकत होती? जन्मभर शेतात राबलेला माणूस. तंगी म्हणजे काय, ते मी त्यांना शिकवायला हवं होतं थोडंच? ते हसले असते, पुढच्या वर्षी बघू म्हणाले असते. पण माझ्या घरात काही कमी आहे, हे माझ्या तोंडातून निघेना. काटकसरीची बाई ना मी! आबांच्या बीपीच्या गोळ्या दवाखान्यातून मीच आणायची. मी म्हणाले,

"डॉक्टरांनी बंद केलंय, आबा. तुमचं बीपी. सुकं अजिबात नाही चालणार."

"मंग नको," आबा म्हणाले. "डाक्टर सांगतो म्हंजे बरोबरच आसंल."

इतकं सोपं होतं ते. सोपं होतं म्हणूनच तिथे थांबलं नाही. काही दिवसांनी डॉक्टरांनी साजूक तूप बंद केलं. मग संध्याकाळचा दुधाचा कप. मग रविवारचं अंडं. ज्या माणसानं उभा जन्म म्हशी राखल्या, तो माझ्या हातचा कोरा चहा निमूट पिऊ लागला. आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा, "सून लई जपते. पथ्य मोडू देत नाय." मी त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी असायची. लाज वाटायची का? खरं सांगते — सुरुवातीला वाटायची. मग नाही वाटली. महिनाअखेरीला हात मोकळा राहायचा आणि मला स्वतःचं कौतुक वाटायचं.

दिवाळीनंतर आबांना खोकल्यानं धरलं. हे कामावर होते, म्हणून मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजोबा, खूप उतरलात. खाता काय? दूध, अंडी?"

आबा म्हणाले, "ते तर तुमीच बंद केलंत ना."

"मी? मी कशाला बंद करू? बीपी औषधानं ताब्यात आहे तुमचं. मीठ बेतानं खा, बाकी सगळं चालतं. कोणी सांगितलं तुम्हाला?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते — काय शोधत होते? काहीच नाही. तेवढ्यात ते डॉक्टरांकडे वळले.

"कोनी नाय. म्हातारा मानूस मी, काय तरीच आयकलं आसंल. माजी सून लई करते माजं."

रिक्षात आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. आता विचारतील, असं मला प्रत्येक वळणावर वाटत होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. घर जवळ आल्यावर ते बोलले — पण काय बोलले?

"सकाळपासून उपाशी हायस, बाय. आदी खाऊन घे काय तरी."

तुम्हाला वाटेल, त्या संध्याकाळी मी बाजार गाठला असेल. गाठला. सुक्या मासळीवालीच्या टोपलीपुढे उभी राहिले, भावही विचारला. आणि परत आले. कारण एवढंच, की सोडे रांधले असते तर ताट वाढताना काहीतरी बोलावं लागलं असतं. दुधाचा कप हातात दिला असता तरी तो कप बोलला असता. न बोलता वाढायचं म्हणजेही कबूल करणंच होतं. म्हणून मी आधीसारखंच चालू ठेवलं. खोकल्याचं औषध वेळेवर देत होते, शेक देत होते, पाय चेपत होते. ताट मात्र तेच. ते तसेच दारात बसून लसूण सोलायचे. कधी कधी मी वळून पाहिलं तर ते माझ्याकडेच पाहत असायचे — रागानं नाही, वाट बघितल्यासारखं. मी पुन्हा कढईकडे वळायची.

होळीच्या आधी आबा गेले. दिवसकार्याला कडावच्या घरी सगळे जमले, तेव्हा नणंद माझा हात धरून रडली. "वहिनी, तुम्ही होता म्हणून आबांचं पथ्यपाणी झालं. आमच्याच्यानं झालं नसतं." सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं.

आता मुलगी कमावते. घराचे हप्ते फिटलेत. जेवताना मला कुणी काही विचारत नाही — का विचारावं? मी धडधाकट बाई आहे. पण वांगी चिरताना कान दाराकडे जातो. तो घोगरा आवाज, ते "बाय"... तुम्हाला कसं सांगू, एक दुपार मिळावी असं किती वाटतं. एकच दुपार, भरलेलं ताट, आणि समोर ते.

आणि एक गोष्ट राहिली. ती सांगितली नाही तर बाकीचं सगळं सांगूनही मी खोटंच बोलले असं होईल.

दवाखान्यातून आलो, त्याच महिन्यात ह्यांचा ओव्हरटाईम पुन्हा सुरू झाला होता. तो सगळा हिवाळा घरात पैसा होता. दूध परवडत होतं, तूप परवडत होतं, सोडेही परवडत होते. मी काय वाढते ते आबा निमूट जेवत होते, आणि मी तेच वाढत राहिले.