ज्वारी अडवून धरली ते दोन दिवस

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरालगतच्या दोन गावांत, वरच्या पाड्यावर आणि खालच्या गावात, मी दुष्काळात एका संस्थेतर्फे धान्य वाटत होते. वरच्या पाड्याशी रोजगार हमीतून नाल्यावर बांध चालला होता. पाणी वरच अडलं तर आपल्या विहिरी आटतील, ही खालच्या गावाची धास्ती. एका सकाळी खालची माणसं कुदळी घेऊन बांध फोडायला गेली. दगडफेक झाली, पाड्यातल्या एकाचं डोकं फुटलं. काम थांबलं, मजुरीही थांबली.

धान्य आमच्याकडे, बांध ओव्हरसियरकडे, भांडण पोलीसपाटलाकडे. तिघं कधी एका जागी बसलो नव्हतो.

आमचे साहेब म्हणाले, "समेट होईपर्यंत ज्वारी उतरवू नका. भूक लागली की ऐकतील."

मी मान डोलावली. ते अजून सलतं.

ट्रक दोन दिवस शाळेच्या आवारात उभा होता, फाटकाची किल्ली माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी पाड्यावरची म्हातारी आली. तिला सगळे अक्का म्हणत. मागे पाड्यातल्या बाया. रस्त्यापलीकडे खालच्या गावचे पुरुष, हातांत काठ्या.

अक्का हळूच म्हणाली, "बाई, भांडन मोठास्नं शे. पोरेस्नी काय कयं?"

"पोरांनी काही नाही केलं, अक्का. पण वरून हुकूम आहे."

"मंग तो हुकूमच शिजाडी दे."

मला वर बघवेना. किल्ली काढून मी फाटकाशी गेले. फाटक उघडताच पलीकडून कुणी ओरडलं, "आधी बांधाचं बोला!"

"बोलू. आधी पोती उतरवा, दोन्ही गावांची."

कुणी हलेना. काठ्या तशाच. मग खालच्या गावातले एक आबा काठी भिंतीला टेकवून आले आणि त्यांनी पहिल्या पोत्याला हात घातला.

दुसऱ्या दिवशी मी साक्रीला ओव्हरसियरच्या दारात बसून राहिले. तो बांधावर यायला हो म्हणाला तेव्हाच उठले. बाजाराच्या दिवशी तो, पोलीसपाटील आणि दोन्ही गावं बांधावर जमली. दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी जादा पाणी वाहून जायचा सांडवा वीतभर खाली घ्यायचं ठरलं, म्हणजे खालच्या गावाकडेही पाणी सुटेल. किती, ते अक्कानेच वीत लावून दाखवलं. ओव्हरसियर कुरकुरला, पण आखणी बदलली. सोमवारी काम सुरू झालं.

साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आणि मला धुळ्याच्या गोदामावर पाठवलं.

पावसाळ्यानंतर मी गेले तेव्हा खालच्या बहुतेक विहिरींना पाणी होतं. दोन मात्र कोरड्याच राहिल्या. त्यांचे मालक पाड्याशी बोलत नव्हते, माझ्याशीही नाही.