अस्वल दारातून हलेना

शेजारच्या काकूंनी उभा जन्म मेंढ्या राखल्या. गुडघे थकले तेव्हा त्यांनी कळप विकला आणि मुलाच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. सोबत त्यांचा दांडगा कुत्रा होता. गल्लीत सगळे त्याला अस्वल म्हणायचे. लांडग्यांपासून कळप राखण्यात त्याच्या जातीच्या कित्येक पिढ्या गेल्या होत्या. अंगाने धिप्पाड, पण स्वभाव असा शांत की उगाच भुंकणं माहीत नाही.

“एवढं धूड इथे मावायचं नाही. रविवारी त्याची दुसरीकडे सोय करा,” सुनेने सांगितलं. काकूंची अन्नावरची वासनाच उडाली.

शनिवारी सुनेला कारखान्यातून यायला उशीर झाला. अस्वल दारात उभंच होतं, ताटलीला तोंड लावेना. ती आत आली तसं त्याने तिला हुंगलं आणि उंबऱ्याशी अंग टाकलं.

“याला काय झालं होतं?”

“एक कमी होतं ना. कळप पुरा आत आल्याशिवाय ही जात बसत नाही.”

“म्हणजे मी मेंढरू झाले की, सासूबाई.”

“त्याच्या लेखी आपण सगळेच. माझा लेक तर जन्मापासूनच.”

सून हसली. रविवारी तिने दाराजवळचं चपलांचं कपाट गॅलरीत नेलं आणि त्या जागी जुनं गोणपाट अंथरलं.