बसमधलं तान्हं लोणचं

बँकेने माझी बदली कलकत्त्याला केली आणि तीनच महिन्यांत आई साताऱ्याहून राहायला आली. आयुष्यभर शाळेत शिकवत आलेली बाई. न्यू टाउनमधल्या माझ्या मैत्रिणीसाठी तिने कैरीच्या लोणच्याची बरणी आणली होती. तेल गळू नये म्हणून बरणी टॉवेलात गुंडाळली आणि छातीशी धरून ती माझ्याबरोबर एस्प्लनेडच्या स्टॉपवर उभी राहिली.

इथे एकाच नंबरच्या दोन बस मागेपुढे आल्या की त्यांची शर्यत लागते. मग थांबायचं नाही, भर रस्त्यात नुसता वेग कमी करायचा. लोक धावत चढतात. मीही शिकले होते.

"आई, पळ!"

"पूर्ण थांबली तरच चढेन."

अशा तीन बस गेल्या. चौथीच्या कंडक्टरने आईला पाहिलं मात्र, पत्र्यावर दणादण थापा मारत तो ओरडला, "आस्ते! लेडीज! कोले बाच्चा!" म्हणजे हळू, बाईंच्या कडेवर मूल आहे!

बस फुटपाथला लागून चक्क उभी राहिली. मला हसू आवरेना. आई ऐटीत चढली, लगेच जागाही मिळाली. शेजारच्या बाईंनी बाळाचं तोंड बघायला टॉवेल हळूच सारला आणि त्या किंचाळल्या, "ओ मा! आचार!"

अख्खी बस हसली. आई सोडून. ती उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिली.

"लोणच्यासाठी थांबतोस, मग माणसांसाठी का नाही?" अगदी शुद्ध मराठीत. मी हिंदीत सांगितलं.

"मासीमा," तो ओशाळला, "पीछेवाली गाडी सब पॅसेंजर ले जाएगी."

"नेऊ दे. कुणी चाकाखाली आलं म्हणजे?"

त्याने आरशात मागच्या बसकडे पाहिलं. पण पुढच्या स्टॉपला बस कडेला घेऊन त्याने पूर्ण थांबवली. मागची बस भोंगा वाजवत पुढे निघून गेली. त्याच्या पुढच्या स्टॉपलाही तेच. आता लोक टाळ्या वाजवायला लागले, कंडक्टर तेवढा कपाळाला हात लावून उभा.

आमचा स्टॉप आल्यावर मात्र तोच आधी खाली उतरला आणि त्याने डावीकडून घुसणाऱ्या मोटरसायकली हात आडवा करून अडवल्या. आई सावकाश उतरली. बस दिसेनाशी होईपर्यंत गंभीर चेहऱ्याने उभी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बारसं कधी करायचं गं?"

आम्ही दोघी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. मैत्रिणीचा फोन दोनदा वाजला, पण उचलून बोलायला श्वास कुणाकडे होता?