आजोबांच्या तोंडचं वाक्य

वडील सांगलीत गेले तेव्हा इथं चंदीगडला दाट धुकं होतं. विमानं रद्द झाली आणि मी सांगलीला पोचले ती थेट राख सावडायच्या वेळी. तेव्हापासून मला रडू आलं नाही आणि लिहिताही आलं नाही. मी कथा लिहिते, म्हणजे लिहायचे. लॅपटॉप उघडायचा, 'बाबा' एवढं टाईप करायचं आणि उठून भांडी लावायची. नवरा हवाई दलात. तो म्हणाला, सुट्टी समज. सुट्टीत माणसाला बरं वाटतं, हे त्याला कोण सांगणार? मी नुसती बधिर झाले होते. जेवण जायचं, झोप लागायची, कसली तक्रार नव्हती.

गणपतीच्या आधी इथल्या मराठी मंडळाच्या बाई घरी आल्या. आमची मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. म्हणून गणपतीत एक नाटुकलं बसवून वर्षातून एकदा त्यांच्याकडून मराठी वदवून घ्यायची, असा इथला रिवाज. आईबाप मोबाईल धरून शूटिंग करतात आणि गहिवरतात. "तुम्ही लेखिका ना जी, मग यंदा पक्कं तुम्हीच लिहा," बाई म्हणाल्या. नाही म्हणायलाही जोर लागतो. तो नव्हता, म्हणून हो म्हणाले.

कसंबसं लिहिलं. आजोबा आणि नात. नातीचं काम माझ्याच मुलीला. सोफ्यावर मांडी घालून तिनं पहिलं वाक्य वाचलं, "आजोबा, आपल्या प्रेमळ सहवासाची मला सदैव ओढ असते," आणि कागद बाजूला ठेवला.

"मम्मा, ऐसे कोई नहीं बोलता."

"मुकाट्यानं म्हण. मराठी आहे ते."

"मैं आजोबा से ऐसे बात नहीं करती थी."

माझं डोकंच फिरलं. "मग कशी करायचीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"संडे को उनका फोन आता था ना. मैं बोलती थी, आजोबा, फोन मत रखना, मम्मा किचन में है, अभी आएगी."

हे मला माहीतच नव्हतं. मी हात पुसत यायचे तेव्हा फोन चालू असायचा, एवढंच.

"आणि ते काय म्हणायचे?"

तिनं जरा आठवलं. मग चक्क मराठीत, अगदी त्यांच्यासारखं शब्द ओढत म्हणाली, "येऊ दे गं सावकाश. मला कुठं जायचंय?"

मी लॅपटॉप ओढून आधीचं सगळं पुसून टाकलं. नातीचं वाक्य हिंदीत, जसंच्या तसं. त्याखाली आजोबांचं. मंडळाच्या बाई काय म्हणायचं ते म्हणोत. मला रडू फुटलं होतं, अक्षरं नीट दिसत नव्हती, तरी बोटं थांबली नाहीत. पुढची ओळ लिहिली: आई हात पुसत येते. आजोबा अजून फोनवर आहेत.