बंद फाइलीतल्या नऊ तारखा

मी स्वभावानं संशयी. भाजीवाल्यानं आपणहून चांगली मेथी काढून दिली तरी जुडी सोडून आतली पानं बघते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बारामतीतल्या एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करत होते, तेव्हा हा मला माझा गुण वाटायचा. लोकांच्या कॉम्प्युटरवर बॅकअप बसवून द्यायचं माझं काम. आज ना उद्या काहीतरी बिघडणारच, असं धरून चालणाऱ्या माणसालाच ते जमतं.

एकदा इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात पाठवलं. तिथं एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेले आठ टर्मिनल होते. आठ माणसं आपापल्या नावानं आणि पासवर्डनं एकाच मशीनवर काम करायची. टेपवर प्रती घेणारं दुसरं मशीन शेजारच्या खोलीत होतं. मी या आठजणांच्या मशीनवर बॅकअपचा क्लायंट, म्हणजे फाइलींच्या प्रती त्या दुसऱ्या मशीनकडं पाठवणारा प्रोग्राम, बसवायचा, कुठल्या फाइली घ्यायच्या नि कुठल्या सोडायच्या याची यादी लिहायची, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत तो आपोआप चालेल असं करायचं. फाइल बदलली की तिची नवी प्रत टेपवर जाणार, जुनीही राहणार. महिनाभराचं काम होतं.

पहिल्याच दिवशी एका क्लार्कनं विचारलं, "म्हंजी आमी काय लिवलं, काय खोडलं, समदं तुमास्नी कळणार?"

"छे हो, मी कशाला बघतेय? फाइल उडाली तर परत मिळावी, एवढ्यासाठी आहे हे." अगदी गळ्याला चिमटा घेऊन सांगितलं. कुणाला पटलं नाही. मी मागून गेले की माणसं बोलायची थांबत.

तात्या तेवढे मोकळे होते. ऊसनोंदीचे ते मुख्य क्लार्क, शेळगावचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. उसाला तोड कधी मिळणार हे लागणीच्या तारखेवर ठरतं. आधी लावला त्याची पाळी आधी. पाळी लांबली की उभा ऊस वाळतो आणि वजन घटतं. त्यामुळं एका तारखेवरून गावात डोकी फुटायची वेळ येते. कारखान्याचा चिटबॉय शेतावर जाऊन तारीख टिपून आणायचा आणि ती मशीनवर चढवायचा अधिकार एकट्या तात्यांचा. इतक्या वर्षांत कुणाची पाळी पुढं सरकवली असं त्यांच्याबद्दल कुणी म्हटलं नव्हतं. तेवढीच त्यांची कमाई, आणि ती त्यांना पुरेशी वाटायची.

पंधरवड्याची यादी छापून गावोगाव लावली की ती फाइल बंद. पुन्हा तिला हात लावायचं कारण नाही. आणि एक दिवस टेपवर गेलेल्या फाइलींच्या यादीत मला अशीच एक बंद फाइल दिसली.

मी टेपवरच्या दोन्ही प्रती काढून शेजारी शेजारी ठेवल्या. नऊ शेतकऱ्यांच्या लागणीच्या तारखा बदलल्या होत्या, तात्यांच्या नावानं, तात्यांच्याच टर्मिनलवरून. वाईट वाटलं असं खोटं कशाला सांगू? मनात उकळ्या फुटल्या. सापडले! एवढा साधा माणूस, सगळ्यांशी गोड, तेव्हाच मला वाटलं होतं, असं मी स्वतःला सांगितलंसुद्धा. वाटलं नव्हतं खरं तर.

तात्या माझ्या शेजारीच काहीतरी टाइप करत बसले होते. मी उठले आणि सरळ शेतकी अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेले. दुपारी तात्यांना काही न विचारताच टेबलावरून काढून गेटवर उसाच्या गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. दोन दिवसांत गावोगाव झालं, तात्यानं पाळ्या फिरवल्या.

चौकशीला त्या नऊ शेतकऱ्यांपैकी आबा म्हणून एकांना कळंबहून बोलावलं होतं. साहेबांनी विचारलं, तारीख कशी बदलली?

"मीच बदलाय लावली," आबा म्हणाले. "आवसंला आमी औत धरत न्हाय, सायेब. पर त्या टायमाला बेणं उरलं व्हतं, वाळून जातंय म्हणून दोन सऱ्या लावल्या. चिटबॉय नेमका त्याच दिशी आला. यादीत आवस बघून घरात रडारड. मग तात्याला म्हनलं, फुडच्या दिसाची तारीख घाल. पाळी मागं गेली तर जाऊ दे. बाकीच्यांचं बी तसंच हाय, इचारा."

माझ्या हातात नऊ नावांचा छापील कागद होता. पहिल्यांदाच मी तो नीट वाचला. सगळ्यांची जुनी तारीख एकच, अमावस्येची, आणि नवी एक दिवस पुढची. एकाचीही पाळी अलीकडं आली नव्हती; सगळे आपापल्या जागेवरून मागं गेले होते. तारखा बदलल्या एवढं मी बघितलं होतं. कुठल्या बाजूला बदलल्या ते बघायची मला गरजच वाटली नव्हती.

नियमात हेही बसत नाही, असं साहेब थोडा वेळ बोलले आणि मग तात्यांना टेबल परत दिलं. तात्यांनी घेतलं नाही. उरलेली नोकरी गेटवरच करतो म्हणाले. गावात मात्र आधी झालेली बातमीच फिरत राहिली. नंतरची तिच्या मागं तेवढ्या जोरात गेली नाही.

काम संपल्यावर मी शेळगावला त्यांच्या घरी गेले. तात्या दारात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसले होते. मला बघून उठले नाहीत, पण बसा म्हणाले. मी टेपविषयी, प्रतींविषयी, माझ्या कामाविषयी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई," मग ते म्हणाले, "तुमचं टेबल माझ्यापास्नं दोन हात लांब. सायबाची केबिन पार त्या टोकाला. तितंवर चालत गेलासा. त्याआदी मान वळवून म्हनायचं व्हतं, तात्या, ह्या तारखा का बदलल्या? मी सांगितलं असतं."

"चुकलं माझं," मी म्हटलं. तेवढंच म्हणायला आले होते.

"व्हय," तात्या म्हणाले, आणि सूप उचलून घरात गेले.